मागचा तक्ता

१

मास्तरांचा आवाज शनिवारी सकाळी गेला. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा गेला तो डॉक्टरांच्या सुरीखाली. गळ्यातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार हे आधीच ठरलेलं. म्हणून शस्त्रक्रियेआधी मास्तरांनी बसून, खोकत, पाणी पीत, आपला आवाज एका डबीत भरून ठेवला. तळहाताएवढी डबी. तिच्यावर टाइप केलं की ती मास्तरांच्या आवाजात बोलायची. तोच किंचित नाकातला 'ण', वाक्य संपताना तोच खाली उतरणारा सूर. देवाने नेलेली वाचा माणसाने खिशात घालून परत आणली होती म्हणा ना.

ती डबी शनिवारी चालू केली तर पडद्यावर एवढंच उमटलं: "तक्ता सापडत नाही. नवा तक्ता बनवू? हो / नाही."

मास्तरीणबाईंनी कशालाही बोट लावलं नाही. पदरात गुंडाळावी तशी डबी रुमालात गुंडाळली, डबी बनवणाऱ्या कारखान्याला फोनवर तक्रार केली आणि सोमवारी सकाळी पिशवी घेऊन, नवऱ्यासकट थेट तिथे येऊन बसल्या. मास्तर शेजारच्या खुर्चीत होते, गळ्याला मफलर, आणि बायकोकडे पूर्ण पाठ.

"बाई, डबी पुसली गेलीय," मालक म्हणाला. "आत काही उरलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः 'हो' दाबतो, नवा तक्ता बनेल, यंत्राचा आवाज भरून देतो. स्वच्छ आवाज आहे. इथे सही करा."

"यंत्राच्या आवाजाशी संसार करू मी?"

"मग काय करायचं म्हणता?"

"आमचा आवाज द्या. दुसरीकडे कुठे ठेवलेला नाही. 'घरचा आवाज घरातच राहील, बाहेर कुठे साठवत नाही,' असं छातीठोक सांगून विकलीत ना डबी?"

मालकाने कोपऱ्यात बसलेल्या बाईकडे पाहिलं. शनिवारच्या तक्रारीवरून विमा कंपनीने पाठवलेली तपासनीस. बारीक, करड्या केसांची, आणि प्रश्न असा विचारायची की पाठीमागे तिला सगळे चिमटा म्हणत.

"तुमच्यासमोर सांगतो," मालक तिला म्हणाला. "ही चूक नाही. आमच्या डबीत तक्ते दोन असतात. एक गेला तरी दुसरा राहतो. दोन्ही जात नाहीत, कधीच नाही. हे कुणीतरी मुद्दाम केलंय. आणि करणारा याच छपराखाली बसून माझा पगार खातोय."

"नाव?"

"तुम्हीच काढा," तो म्हणाला. "मी घेतलं तर म्हणतील, भावावर डूख धरला."

२

धाकटा भाऊ मागच्या खोलीत बसायचा. टेबलावर उघड्या पट्ट्या, वायरी, आणि दाराकडे तोंड, म्हणजे कोण येतंय ते आधी कळावं.

"त्याने पाठवलं?" त्याने विचारलं.

"त्याने म्हणजे?"

"मालकाने."

"तुमचे भाऊ ना ते?"

"कागदोपत्री."

तपासनीस बाई न विचारता बसली. "दोन तक्त्यांचं सांगा. मला कळेल असं."

आता शत्रूनेही आपल्या कामाबद्दल विचारलं की माणूस विरघळतो. धाकटाही थोडा विरघळला. म्हणाला, चिप म्हणजे एक लांबलचक कोठार समजा. कुठल्या कप्प्यात काय ठेवलंय ते सांगतो तो तक्ता. बाहेरचे लोक त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. तक्ता गेला की माल जागच्या जागी असून नसल्यासारखा. म्हणून तोच तक्ता दोन ठिकाणी लिहायचा, एक चिपच्या सुरुवातीला, एक शेवटाला. प्रत्येकावर एक आकडा. काही बदललं की आकडा एकाने पुढे. आणि तळाशी पडताळणीची बेरीज; ती जुळली नाही तर तक्ता फाटका समजायचा.

"वाचताना मी दोन्ही बघतो. फाटका बाजूला. दोन्ही चांगले असतील तर ज्याचा आकडा मोठा तो खरा."

"आणि लिहिताना वीज गेली तर?"

"जाऊ दे की! दोन्ही एकदम लिहितच नाही. मागचा आधी लिहायचा, तो पुरा झाला की दुसरा. एक फाटला तर एक शाबूत. नियम माझा आहे, आणि आजवर एक डबी मेलेली नाही."

"लिहिणारा भाग तुमचाच?"

विरघळलेला धाकटा पुन्हा गोठला. "वाचणारा अर्धा माझा. लिहिणारा अर्धा त्याचा. तक्ते सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमवर, आमच्या लायब्ररीवर, नाव कोणाचं आधी यावरून एकदा वाजलं, तेव्हापासून ही वाटणी."

"आणि बोलणं?"

"बोलतो ना."

"कोणाशी?"

तो वायर सोलायला लागला. मग एकदम म्हणाला, "त्याला विचारा, मी राजीनामा खिशात घेऊन फिरतो ते त्याला कोणी सांगितलं. माझ्यावर ढकलायला तेवढं पुरे. आणि डबीला शेवटचा हात कोणाचा लागला तेही विचारा. माझा नाही. त्याच्या मेहुण्याचा."

३

मालकाचा मेहुणा दुरुस्ती बघायचा. गोरा, घामट, हसरा. आज हसत नव्हता.

"मी डबी उघडलेलीच नाही."

तपासनीस बाईने रुमालातली डबी पालथी केली. "तीन स्क्रू काळे, चौथा पांढरा. पांढरा कोणी लावला, मास्तरांनी?"

मेहुण्याने कपाळ पुसलं. "बरं, उघडली. बॅटरी बदलायला मास्तरांच्या घरी गेलो होतो, हातातून पडली. एक स्क्रू सोफ्याखाली गेला. पण चालू करून दाखवली मी! मास्तर बोलले त्यावर. 'हळू, गाढवा' म्हणाले. त्यांच्याच आवाजात."

"खोटं का बोललात?"

"या घरात खरं बोलून कोणाचं भलं झालंय?" तो फणकारला. "दाजी एका खोलीत, त्यांचा भाऊ दुसऱ्या खोलीत. मधे माझी ताई. हा म्हणणार 'त्याला सांग', तो म्हणणार 'त्यांना सांगा'. घरात तेच, इथे तेच. माझ्या बहिणीला निरोप्या करून ठेवलंय दोघांनी. मी तर म्हणतो, वाटून टाका कारखाना आणि सोडा तिला."

"म्हणजे कारखाना फुटावा असं तुम्हाला वाटतं."

"वाटतं! लिहून घ्या. पण मास्तरांच्या आवाजाने काय माझं घोडं मारलंय?"

"बरं, दोन्ही तक्ते एका दमात पुसायचे असतील तर कशाने पुसता येतील?"

"चाचणीच्या खोलीत यंत्र आहे. चिप त्यावर बसवली की डबीला न विचारता आतलं वाचता येतं, पुसताही येतं." तो बोलता बोलता थांबला, कारण पुढचं वाक्य त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं.

"किल्ली कोणाकडे असते?"

मेहुण्याचा आवाज खाली गेला. "ताईकडे. कालपर्यंत. आज सकाळी दाजींनी काढून घेतली."

४

मालकाची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, डब्यांची चाचणी करायची; ती चाचणीच्या बंद खोलीबाहेर उभी होती. कडक इस्त्रीची साडी, कडक चेहरा.

"संशय माझ्यावर आहे ना? मग खोली उघडा आणि माझ्यादेखत बघा. नवरा म्हणतो चिप पुसलीय, दीर म्हणतो दोन्ही तक्ते फाटके. पुसलेलं आणि फाटलेलं एक नसतं. पण चिप उपसून कोणी पाहिलीच नाही. आधी मला कुलूप लावलं."

तपासनीस बाई मालकाकडे गेली आणि किल्ली घेऊन आली. कशी आणली ते तिने सांगितलं नाही, पण मालकाच्या खोलीतून बाहेर येताना तिच्यामागे "ही कुठली पद्धत झाली!" असं ओरडणं आलं.

"फक्त वाचायचं," तिने बजावलं. "लिहायचं काही नाही."

"मला शिकवू नका," वहिनी म्हणाली आणि चिप यंत्रावर बसवली.

पडद्यावर ओळी सरकू लागल्या. वहिनी पुढे वाकली. "बघा. कोरी नाहीये. यंत्राने पुसली असती तर सगळं सपाट दिसलं असतं. हा सुरुवातीचा तक्ता: डोक्यावर आकडा आहे, खाली काही ओळी, मग मधेच तुटलाय. आणि हा शेवटाकडचा: यावरही आकडा, आणि एक ओळसुद्धा पुरी नाही."

"आकडे सारखे?"

"नाही. शेवटाकडच्यावर एकाने जास्त."

तपासनीस बाईने दोन्ही आकडे वहीत उतरवले.

"म्हणजे आधी सुरुवातीचा फाटला," तपासनीस बाई सावकाश म्हणाली. "तेव्हा शेवटाकडचा चांगला होता, नाही तर डबी पुढे चाललीच नसती. मग पुढच्या बदलाच्या वेळी हा फाटला. दोनदा लिहिणं, दोनदा वीज गेली."

"पण तसं झालं तरी..." वहिनी थबकली. "वीज घालवून मी अगणित वेळा पाहिलंय. डबी कधी दगावली नाही."

"एकदाच घालवायचात, की लागोपाठ?"

"एकदा. मग डबी नीट करून पुन्हा एकदा. लागोपाठ करा असं कोणी सांगितलंच नाही."

"तुम्ही सांगितलेलंच करता?"

वहिनीचे ओठ घट्ट झाले. "मी शब्द बदलत नाही. हा सांगतो ते त्याला, तो सांगतो ते याला, जसंच्या तसं. सुरुवातीला एकदा समजावून सांगायला गेले, तर दोघंही माझ्यावरच उलटले. तेव्हापासून कानात पडलं की तोंडातून बाहेर. मधे मी नाही."

तपासनीस बाई उठली आणि तडक स्वागतकक्षात गेली. मास्तरीणबाईंसमोर उभी राहिली.

"बाई, खरं सांगा. डबी चालू असताना खटका बंद कोणी केला?"

मास्तर पाठ करून बसले होते. त्यांची मान हळूच वळली.

५

"मी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मीच केला. फाशी द्या."

मालक दारात येऊन उभा होता. "अहो बाई! मग आमच्या माणसांवर..."

"तुम्ही गप्प बसा हो!" त्या कडाडल्या. "सकाळपासून सही करा, सही करा! चाळीस वर्षं यांच्याशी भांडतेय मी. बरोबरीने. आता हे बसतात डबी घेऊन आणि मला ऐकवायची वाक्यं आधीच भरून ठेवतात. तयार! बटण दाबलं की टोमणा. मी विचार करून बोलायचं आणि यांनी बटण दाबायचं, हे काय भांडण झालं? त्यासाठी वेगळा कप्पा करत होते डबीत. नाव काय दिलं होतं माहितेय? 'हिला'. नुसतं 'हिला'! 'कप्पा तयार होत आहे' असं दिसलं आणि मी खटका खाली केला."

"किती वेळा?"

"एकदा गुरुवारी. तरी डबी चालत होती, म्हणून यांनी शुक्रवारी पुन्हा कप्पा काढायला घेतला. मी पुन्हा खाली केला." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "मला तो कप्पा नको होता. यांचा आवाज नको असं नव्हतं हो. तेव्हापासून हे माझ्याकडे बघत नाहीत."

मास्तरांनी खरंच बघितलं नाही. पण मफलरचं टोक त्यांच्या बोटात पिळलं जात होतं.

"संपलं," मालक म्हणाला. हुश्श झाल्याचं त्याने लपवलंही नाही. "ग्राहकाची चूक. मी 'हो' दाबतो. चिप आणा."

"बोट लावलंत तर अहवालात पहिलं नाव तुमचं," तपासनीस बाई म्हणाली. "खटका बंद करणं हा गुन्हा नाही. तेवढ्यासाठीच तर तुम्ही दोन तक्ते ठेवता. सगळ्यांना इथे बोलवा. धाकट्यांनाही."

"तो माझ्यासमोर येणार नाही."

"येतील. त्यांच्या नियमाने आवाज गेलाय असं सांगा."

६

धाकटा आला तो ओरडतच. "माझा नियम? वहिनी, त्यांना सांगा, माझ्या नियमात..."

"वहिनी काही सांगणार नाहीत," तपासनीस बाई म्हणाली. "बसा. दोन प्रश्न आहेत, उत्तर एकेका वाक्यात. मालक, तक्ता लिहिताना कुठला आधी लिहिता?"

"मागचा आधी. हिने तसाच निरोप आणला होता."

"धाकटे, तुमचा नियम?"

"मागचा आधी. पहिल्या दिवसापासून."

"छान. कित्येक वर्षांत तुमचं दोघांचं या एकाच वाक्यावर एकमत आहे, आणि मास्तरांचा आवाज याच वाक्याने नेला." ती मालकाकडे वळली. "मागचा म्हणजे कुठला?"

"म्हणजे काय? चिपच्या मागच्या टोकाचा. शेवटाकडचा. एक पुढचा, एक मागचा."

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. "टोकाचा? टोकाचा कोण म्हणालं? मागचा म्हणजे मागे पडलेला! ज्याचा आकडा मागे राहिलाय तो, फाटका असेल तर फाटका! आधी त्याच्यावर लिहायचं, म्हणजे चांगल्याला धक्का लागत नाही. एवढं साधं..."

"तर गुरुवारी असं झालं," तपासनीस बाई बोलत राहिली. "शेवटाकडचा लिहून झाला, सुरुवातीचा लिहिताना बाईंनी खटका पाडला. सुरुवातीचा फाटला. धाकट्यांच्या वाचणाऱ्या भागाने शेवटाकडचा धरून डबी चालवली आणि फाटक्याला हात लावला नाही. का?"

"कारण पुढच्या वेळी लिहिणारा आधी त्याच्यावरच लिहिणार होता," धाकटा पुटपुटला. "आपोआप दुरुस्त झाला असता."

"शुक्रवारी पुढची वेळ आली. आणि लिहिणाऱ्याने फाटका तसाच ठेवून शेवटाकडचा पुसून नव्याने लिहायला घेतला. एकुलता एक चांगला तक्ता. खटका पडला. दोन्ही गेले. तिथेच मला कळलं. वाईट करायचं असतं त्याने यंत्राने सगळं सपाट केलं असतं. फाटका समोर असताना चांगल्यालाच हात घालणारा माणूस दुष्ट नसतो, तो 'मागचा' ही जागा समजतो. निरोप आणणाऱ्या बाईंनी शब्द जसाच्या तसा आणला. एकही काना-मात्रा सांडली नाही. आणि कानात पडलेल्या शब्दाला 'म्हणजे कुठला?' असं कोणी कोणाला विचारलं नाही."

मग दोघं भाऊ एकदम सुरू झाले, पण दोघांची तोंडं वहिनीकडे.

"त्याला सांग, धड बोलता येत नसेल तर..."

"त्यांना सांगा, डोकं वापरलं असतं तर..."

"पुरे!" वहिनी एवढ्या जोरात ओरडली की मेहुणा दारातून आत आला. "तुमचं तुम्ही बोला. मी या क्षणापासून बहिरी."

आणि ती खरोखर कान झाकून मास्तरीणबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

तपासनीस बाईने पडदा भावांकडे फिरवला. "भांडण नंतर करा. तक्ते गेलेत, आवाज नाही. तो चिपमध्ये जिथे होता तिथेच पडलाय. सुरुवातीच्या तक्त्याच्या काही ओळी शिल्लक आहेत. आवाजाची ओळ त्यांत आहे की नाही, आणि असली तर ती भरवशाची आहे की नाही, हे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याशी बोलल्याशिवाय कळणार नाही. मास्तरांना काय सांगू?"

धाकटा खुर्चीत बसला. पडद्याकडे बघत राहिला. मालक त्याच्या पाठीमागे उभा. बराच वेळ दोघांपैकी कोणी बोललं नाही. मास्तर आता पूर्ण वळून या दोघांकडे बघत होते. ज्याच्याजवळ बोलायला काहीच उरलेलं नाही असा माणूस, जिभा असून गप्प बसलेल्या दोघांकडे जसा बघेल तसा.

ती नजर धाकट्याला सोसवली नाही.

"ओळी वरून लिहितोस की खालून?" त्याने पडद्याला विचारलं.

"वरून," मालकही पडद्यालाच म्हणाला.

"डोक्यावरचा आकडा आधी की शेवटी?"

"आधी. शेवटी पाहिजे होता, कळलं मला, बोलू नकोस."

"बोलणारच! आकडा आधी लिहून ठेवतोस, गाढवासारखा! मूळ आवाजाचा कप्पा कुठल्या ओळीत?"

"पहिल्या. कारखान्यातून निघतानाच लिहिलेला असतो, तो कधी हलत नाही. सरक जरा. पहिल्या चार ओळी घे, त्या पुऱ्या आहेत. पाचवीत वीज गेली. पाचवी सोड."

"दिसतंय मला. दादा, हात काढ कीबोर्डवरून."

"दादा" म्हटल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही. मालकाच्या आलं असावं, कारण त्याने हात काढला.

धाकट्याने चार ओळींचा नवा तक्ता कोऱ्या चिपवर हाताने मांडला, बेरीज जुळवली, जुन्या चिपवरचा माल त्यामागे ओतला, जुनीवर एक अक्षरही न लिहिता. दरम्यान दोघं अखंड भांडत होते. विकलेल्या सगळ्या डब्या परत मागवायच्या की घरोघरी जाऊन लायब्ररी बदलायची. नियम वाईट होता की वाचणारा ठोंब्या होता. 'मागचा' हा शब्द यापुढे कारखान्यात उच्चारायचा की नाही. आवाज चढत होते, टेबलावर हात आपटत होते. मधे कोणी नव्हतं.

मेहुण्याने नवी चिप डबीत बसवली. चारही स्क्रू काळे लावले. डबी मास्तरांच्या हातात दिली.

पडदा उजळला. तक्ता सापडला होता.

मास्तरीणबाई उठून उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधून, जणू खटक्यापासून हात दूर ठेवायची शपथ घेतलीय. मास्तर टाइप करू लागले. बराच वेळ करत राहिले. त्या वाट बघत होत्या. जे यायचं ते ऐकून घ्यायची चेहऱ्यावर तयारी होती.

डबी बोलली. तोच नाकातला 'ण', तोच उतरता सूर.

"आण ती पिशवी इकडे. घरी चल. आणि वाटेत तू अजिबात बोलायचं नाहीस, मी शनिवार सकाळपासून तुंबलोय."